स्थळप्रत कुणाच्या हाती?

गेल्या हिवाळ्यात दौंड तालुक्यातील राहू गावी आमची एक बैठक झाली. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या या पट्ट्याला लोक राहू बेट म्हणतात. चहूकडे ऊस आणि गुऱ्हाळे. दिवस मावळला की हवेत गुळाचा वास दाटून येतो. बैठक होती सातबाऱ्यावर बायकांची नावे लावून घेण्याबद्दल. कागदाचे बोलणे झाले, चहा झाला, बाया घरोघर निघाल्या. एक तरुण मुलगी मात्र उंबऱ्याशीच घुटमळत राहिली. तिचे नाव इथे देत नाही, तिच्या कंपनीचेही देत नाही. तिने सांगितले ते एवढेच.

ती रोज बसने एका कारखान्याच्या कचेरीत कामाला जात होती, हिशेब खात्यात. वरचा साहेब रात्री-अपरात्री ई-मेल पाठवायचा. सुरुवातीला कामाचे, मग कामाच्या नावाखाली भलतेच. तिने दोनदा नम्रपणे, एकदा स्पष्ट शब्दांत उत्तर दिले. त्यानंतर तिच्या कामात चुका निघू लागल्या. शेवटी तिने राजीनामा दिला. घरी बसून, रडून, भावजयीशी बोलून, धीर गोळा करून तिने कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार केली, तेव्हा अडीच महिने उलटून गेले होते. समितीने ई-मेल मागितले. कंपनीकडून उत्तर आले की, राजीनाम्यानंतर तिचे खाते नियमाप्रमाणे बंद करून काढून टाकले आहे. साहेबाच्या पेटीत शोधले, तिथे काही नव्हते. असणार कसे? त्याने ते कधीच पुसले होते. समितीच्या अहवालात ओळ आली : ‘तक्रारीच्या पुष्ट्यर्थ पुरावा आढळला नाही.’

आमच्यातल्या एक मावशी भांडी आवरत हे ऐकत होत्या. राखीव जागेवरून दोनदा ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या. शिक्षण सातवी, पण ग्रामपंचायतीची एकेक नोंदवही त्यांनी डोळ्यांखालून घातलेली. त्या म्हणाल्या, “आगं, पत्र धाडलं की त्याची स्थळप्रत हापिसात ऱ्हाती. आवक-जावकला नंबर पडतो. धाडणाऱ्यानं फाडलं, घेणाऱ्यानं जाळलं, तरी हापिसातलं कुठं जातंय? तुमच्या त्या मशिनीत तसलं काय नसतं व्हय?”

या अंकाचे संपादकीय मावशींच्या त्या प्रश्नावर आहे. कारण उत्तर असे आहे की, असते, असू शकते. पण ते आपोआप नसते. कुणीतरी ठरवून ते बसवावे लागते. आणि ते कुणी बसवायचे, त्याची किल्ली कुणी ठेवायची, हा प्रश्न निव्वळ संगणकवाल्यांचा नाही. तो आपला आहे.

आधी नेमके काय होते ते समजून घेऊ. ही भाषा आपल्याला घाबरवण्यासाठी वापरली जाते, म्हणून ती आपणच साधी करून घेतली पाहिजे. कंपनीचा मेल सर्व्हर म्हणजे कंपनीचे टपालघर. पत्र एका पेटीतून निघते, टपालघरातून जाते, दुसऱ्या पेटीत पडते. एक प्रत पाठवणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोघांनी आपापली प्रत पुसली आणि कचऱ्याच्या टोपलीतूनही काढून टाकली, की काही दिवसांत ते पत्र नाहीसे होते. टपालघर स्वतःहून मजकुराची स्थळप्रत ठेवत नाही. पत्र केव्हा, कुठून, कुठे गेले याची त्रोटक नोंद काही काळ राहते, पण आत काय लिहिले होते ते त्यात नसते.

‘आमच्याकडे रोज रात्री बॅकअप होतो’ असे कंपन्या सांगतात. बॅकअप म्हणजे घराला आग लागली तर उपयोगी पडावी म्हणून काढून ठेवलेली प्रत. सकाळी अकराला आलेले पत्र दुपारी चारला कायमचे पुसले गेले, तर रात्रीच्या प्रतीत ते सापडेल याची खात्री नाही. शिवाय जुन्या प्रतींवर ठरावीक दिवसांनी नव्या प्रती लिहिल्या जातात. आगीसाठी केलेली सोय चोरी पकडायला पुरत नाही.

जर्नलिंग ही याहून वेगळी गोष्ट आहे. आपल्या दुकानदारांची जुनी रोजकीर्द आठवा. व्यवहार घडला की त्याच क्षणी, घडला त्याच क्रमाने त्याची नोंद. खतावणी नंतर, नोंद आधी. ई-मेलच्या जर्नलिंगमध्ये पत्र टपालघरातून जात असतानाच सर्व्हर त्याची हुबेहूब प्रत काढून एका वेगळ्या पेटीत टाकतो. पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्या पेटीत हात घालता येत नाही. नंतर त्यांनी आपल्या प्रती पुसल्या तरी ही प्रत राहते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या सर्व्हरमध्ये ही सोय आहे. तिथे मूळ पत्र अख्खेच्या अख्खे एका ‘जर्नल रिपोर्ट’ला जोडले जाते आणि त्या रिपोर्टवर पत्र खरोखर कुणाकुणाला गेले ते लिहिलेले असते. उघड पत्तेच नव्हेत, तर गुपचूप ज्यांना प्रत दिली ते पत्तेही, आणि ‘सर्व कर्मचारी’ अशा गटाला धाडले असेल तर त्या गटात त्या दिवशी कोण कोण होते तेही. पोस्टफिक्स हा सर्व्हर फुकट मिळतो आणि पुष्कळ लहान कंपन्या तो वापरतात. त्यात ‘ऑलवेज बीसीसी’ नावाची एक ओळ लिहिली की प्रत्येक पत्राची एक प्रत नेमलेल्या पेटीत जाऊ लागते. या सोयीत उणीव आहे. गुप्त प्रत कुणाला गेली ते त्या प्रतीवरून कळतेच असे नाही. पण ‘आम्हाला परवडत नाही’ ही सबब मात्र टिकत नाही.

आर्काइव्ह म्हणजे दप्तर. रोजकीर्दीत पडलेले कागद नीट लावून, बांधून, अनुक्रमणिका करून ठेवायची जागा. चांगल्या दप्तरात प्रत्येक पत्राचा एक अंकठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी तो ठसा बदलतो. त्यामुळे दोन वर्षांनी पत्र बाहेर काढले, तर ते तेच आहे, कुणी फिरवलेले नाही, हे दाखवता येते. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा याची मुदत असते. वाद उभा राहिला तर मुदत संपली तरी अमुक पत्रे पुसायची नाहीत, असे कुलूप घालता येते. आणि दप्तरात कोण आले, काय उघडून पाहिले, याचीही नोंद होते.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली : रोजकीर्द ज्या दिवशी सुरू केली त्या दिवसापासूनची असते, मागची पत्रे त्यात येत नाहीत. तक्रार आल्यावर जर्नलिंग सुरू करणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. दुसरी : ही पेटी त्याच सर्व्हरवर, त्याच माणसाच्या हाताखाली असून भागत नाही. मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची सेवा तर आपल्याच आतली पेटी जर्नलिंगसाठी घेऊ देत नाही. प्रत बाहेर दुसरीकडेच धाडावी लागते. पेटी भरून वाहू लागली, प्रती परत येऊ लागल्या, तर ते पाहायला नेमलेले माणूस हवे. नाहीतर नोंद कधीच थांबलेली असते आणि कळते ते गरज पडल्यावर.

आता कायद्याकडे येऊ. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला आणि कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाला पहिल्यांदा त्याच्या नावाने हाक मारली. त्यामागे राजस्थानातल्या साथिन भंवरीदेवीचा लढा होता. त्यानंतर कायदा यायला सोळा वर्षे लागली. २०१३चा कायदा सांगतो : दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, बाहेरच्या संस्थेची एक सदस्य हवी. समितीला माणसे बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. अधिकार चांगलेच आहेत. पण कागद मागवायचा तर तो उरलेला हवा ना!

मैत्रिणींनो, जरा दिवस मोजून पाहा. तक्रार करायला कायदा तीन महिने देतो. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. का? कारण बाईला तोंड उघडायला वेळ लागतो, हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य करावे लागले. चौकशीला नव्वद दिवस. अहवाल द्यायला दहा दिवस. शिफारशींवर अपील करायला नव्वद दिवस. सगळी बेरीज वर्षाच्या पुढे जाते. आणि दुसरीकडे काय? गूगलच्या व्यावसायिक सेवेत एखाद्या कर्मचाऱ्याचे खाते काढून टाकले, तर ते परत आणायला वीस दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत तीस. कंपनीने वेगळी तजवीज केली नसेल, तर त्यानंतर पेटी रिकामी.

राहूच्या मुलीचे नेमके हेच झाले. कायद्याने तिला नव्वद दिवस दिले होते, यंत्राने तीस. ती कायद्याच्या मुदतीत होती, पण तिचा पुरावा यंत्राच्या मुदतीत संपला होता. यात कुणी मुद्दाम काही केले असेलच असे नाही. ‘नियमाप्रमाणे’ हा शब्द किती निरागस! पण नियम करताना खोलीत कोण बसले होते? नोकरी सोडणाऱ्याच्या खात्याचा खर्च वाचवावा, ही चिंता त्या खोलीत होती. नोकरी सोडावी लागलेल्या बाईची चिंता तिथे नव्हती.

पैशाची चिंता मात्र असते. कंपनी कायदा २०१३ म्हणतो की हिशेबाच्या वह्या आठ वर्षे ठेवा. १ एप्रिल २०२३पासून तर असा नियम आहे की, कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरबदलाचा माग ठेवला पाहिजे, कोणती नोंद कधी बदलली ते दिसले पाहिजे, आणि हा माग कुणाला बंद करता येता कामा नये. म्हणजे पुसता न येणारी नोंद ठेवायची कशी, हे या कंपन्यांना ठाऊक आहे. रुपयासाठी जे जमते ते बाईच्या अब्रूसाठी, खरे तर तिच्या हक्कासाठी, का जमत नाही? आम्ही ‘अब्रू’ हा शब्द मुद्दाम खोडला नाही. समितीपुढे बसलेल्या बाईला अजून त्याच शब्दाने गप्प केले जाते.

पुराव्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मथुरेच्या खटल्यातून ही चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली. अंगावर जखमा नाहीत, मग संमतीच असणार, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि १९७९मध्ये चार विधी-प्राध्यापकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. तेव्हा पुरावा बाईच्या अंगावर शोधला जात होता. आज तो यंत्राच्या पोटात असतो. पण ‘पुरावा दाखव’ असे बाईला दरडावणारा आवाज तोच आहे, आणि पुरावा ठेवण्याची जागा आजही दुसऱ्याच्याच ताब्यात आहे.

न्यायालयात विद्युत पुरावा कसा चालतो यावरचा मोठा निकाल आपल्या जालन्याच्या प्रकरणात झालेला आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरले गेले की नाही, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण होते, पण त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडे मागूनही मिळेना. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विद्युत नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच. पण यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तोच प्रमाणपत्र देत नसेल, तर मागणाऱ्याने न्यायालयामार्फत ते मागवावे. आणि त्याने आपल्या हातातले सगळे करून पाहिले असेल, तर जे अशक्य आहे त्याबद्दल कायदा त्याला शिक्षा करणार नाही. आमदारकीच्या भांडणातून आलेला हा निकाल आपल्या उपयोगाचा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्येही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्याच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. अंतर्गत समितीची चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे, हे खरे. पण प्रकरण पुढे गेले की नुसत्या मोबाइलवर काढलेल्या फोटोला समोरचा वकील ‘बनावट’ म्हणतो, तेव्हा दप्तरातली ठसा असलेली प्रतच उभी राहते.

इथवर वाचून एखादी म्हणेल, मग झाले तर! सगळ्या कंपन्यांना सगळी पत्रे साठवायला लावू या. थांबा. इथेच आपल्याला दोनदा विचार केला पाहिजे.

आपल्या आयांना, आज्यांना विचारा. माहेरचे पत्र सासरी आले की आधी कुणाच्या हातात पडायचे? सासरा वाचायचा, नवरा वाचायचा, मग जेवणे झाल्यावर सुनेच्या हाती. तिने लिहिलेले पत्रही आधी घरात वाचले जायचे. म्हणून ‘मी इकडे खुशाल आहे’ एवढेच पोरी लिहायच्या. पत्राची प्रत ठेवणारा घरधनी आणि पत्राची प्रत ठेवणारा मालक यांत फरक तो किती? सगळी पत्रे एका पेटीत गोळा झाली, की कोण संघटना बांधते आहे, कोण बाळंतपणाची रजा मागणार आहे, कुणाला कसला आजार आहे, कोण नोकरी शोधते आहे, हे सारे मालकाला एका शोधात सापडते. पाळत आणि नोंद या दोहोंचे यंत्र एकच असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क कारखान्याच्या फाटकाशी चपलांसारखा काढून ठेवायचा नसतो.

त्यातही एक मोठा फास आहे. अंतर्गत समितीकडे केलेली तक्रारसुद्धा ई-मेलनेच जाते. समितीतली चर्चा, साक्षी, बाईचे जबाब याच टपालघरातून फिरतात आणि त्यांची प्रत त्याच पेटीत पडते. कायद्याचे कलम १६ म्हणते की ही माहिती गुप्त राहिली पाहिजे. पण पेटी उघडणारा संगणक विभागाचा प्रमुख असेल आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर? किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हुकमाखाली तो असेल तर? जिथे बाईचे रक्षण व्हायचे तिथेच तिची तक्रार आधी वाचली जाईल.

राहूहून केडगाव जवळच आहे. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळात सापडलेल्या मुली-बायांना त्यांनी तिथे आसरा दिला आणि १९२२मध्ये त्यांचा देहही तिथेच पडला. रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, ख्रिस्ती झाल्या. पण धर्म स्वीकारला म्हणून बुद्धी गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या. त्यावरून तिथल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज आपल्याला वाचायला मिळतो. कसा? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी ती पत्रे जपली, लावून ठेवली. १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती पत्रे जपली गेली नसती, तर ‘मला माझ्या सदसद्विवेकाने चालू द्या’ असे बजावणारी तरुण रमाबाई आपल्याला इतकी जवळून कधीच दिसली नसती. हे ऋण मान्य करावे. पण हेही ध्यानात घ्यावे की पत्रे जपणारी व्यक्ती त्या वादातली दुसरी बाजू होती. काय ठेवायचे, कसे लावायचे, हे रमाबाईंच्या हाती नव्हते. जे दप्तर सांभाळतात ते गोष्टही सांभाळतात. म्हणून ‘प्रत ठेवा’ एवढी मागणी पुरी नाही. ‘प्रत ठेवा, आणि किल्ली एकट्याच्या हाती देऊ नका’ अशी ती असली पाहिजे.

या विचाराने आम्ही काही मागण्या मांडत आहोत. त्यांवर चर्चा व्हावी, भर पडावी.

एक. जिथे कंपनीचा स्वतःचा ई-मेल आहे तिथे जर्नलिंग असावे, आणि ते आहे हे प्रत्येक कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी, तिला कळेल अशा भाषेत, मराठीत, लेखी सांगावे. चोरून ठेवलेली नोंद ही पाळतच असते.

दोन. जर्नलची पेटी वेगळ्या ठिकाणी असावी. ती उघडायला दोन किल्ल्या लागाव्यात. एक व्यवस्थापनाकडे, दुसरी अंतर्गत समितीच्या अध्यक्षेकडे किंवा बाहेरच्या सदस्येकडे. अमुक तक्रार, अमुक दोन व्यक्ती, अमुक तारखा, एवढाच शोध घ्यावा. सगळी पेटी चाळू नये. कोणी उघडली त्याची नोंद राहावी आणि ती समितीला दिसावी.

तीन. नोकरी सोडणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याची पेटी निदान दोन वर्षे दप्तरात राहावी. वर मोजले त्याप्रमाणे कायद्याच्या मुदतीच वर्षाच्या पुढे जातात. तक्रार येताच, त्याच दिवशी, दोन्ही बाजूंच्या पेट्यांना कुलूप लागावे. समितीने तसे लेखी कळवावे आणि कळवल्याची पोच घ्यावी.

चार. समितीचा स्वतःचा पत्रव्यवहार सर्वसाधारण पेटीत पडू नये. त्याची व्यवस्था निराळी असावी. ती होईपर्यंत तक्रार कागदावर, हातोहात द्यावी आणि पोच घ्यावी.

पाच. मुदत संपली आणि वाद नसेल, तर पत्रे पुसून टाकावीत. सरकारी कचेऱ्यांतसुद्धा कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा याचे वर्गीकरण असते. सगळे कायमचे साठवणे ही काळजी नव्हे, ती हाव आहे.

आणि आपण स्वतः काय करायचे? ज्या मैत्रिणी अशा कचेऱ्यांत काम करतात त्यांनी एक साधी वही ठेवावी, घरी. त्रास देणारे पत्र आले की तारीख, वेळ, पाठवणारा, विषयाची ओळ आणि त्यातले मुख्य वाक्य लिहून ठेवावे. पत्र पुसू नये, कितीही किळस आली तरी. कंपनीचे पत्र स्वतःच्या खासगी खात्यावर धाडण्याआधी नोकरीच्या अटी पाहाव्यात, नाहीतर छळणारा बाजूलाच राहतो आणि ‘गुप्त माहिती बाहेर नेली’ म्हणून तुम्हालाच नोटीस येते. राजीनामा देण्याआधी, किंवा राजीनाम्यासोबतच, समितीला एक ओळ लिहून द्यावी : ‘माझी ई-मेल पेटी जपून ठेवावी, मला तक्रार करावयाची आहे.’ तक्रार पुढे कराल न कराल. पण ही ओळ आणि तिची पोच तुमच्या हाती असू द्या.

एवढे लिहून झाल्यावर राहूची ती संध्याकाळ पुन्हा आठवते आणि लाज वाटते. त्या बैठकीला आलेल्या बायांपैकी ई-मेलचा पत्ता त्या एकट्या मुलीला होता. बाकीच्या उसाच्या फडात, गुऱ्हाळावर, कांद्याच्या काढणीवर, ठेकेदाराच्या हाताखाली. त्यांना सतावणारा मुकादम ई-मेल पाठवत नाही. तो बोलतो, हात लावतो, हजेरी मांडत नाही. अलीकडे तो मोबाइलवर संदेश धाडतो आणि सकाळी पुसून टाकतो. कंपनीचे दप्तर तिथे पोचत नाही. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागी आणि खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तिथे, कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती दिली आहे. घरकाम करणाऱ्या बायांनाही तीच. १२ मे २०२३ रोजी गोव्याच्या एका प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या उणिवांवर बोट ठेवले आणि समित्या नेमल्या आहेत की नाहीत हे तपासायला सांगितले. आपल्या जिल्ह्यातली समिती कुठे बसते हे तुमच्यापैकी कितीजणींना माहीत आहे? राहूत त्या संध्याकाळी एकीलाही नव्हते.

म्हणून या बायांची रोजकीर्द आपल्या संघटनेने ठेवायची आहे. गावात एक वही, दोघी सांभाळणाऱ्या, तारीखवार नोंद, सांगणारीची सही किंवा अंगठा, आणि तिच्या संमतीशिवाय वही कुणाला न दाखवण्याचे वचन. तक्रार जाईल तेव्हा तिची एक प्रत तिच्या हाती, एक वहीत. ही काही मोठी क्रांती नव्हे. पण ज्या व्यवस्थेत मालकाचे सगळे लिहिलेले आणि मजुरणीचे सगळे तोंडी असते, तिथे वही उघडणे हेही एक पाऊल आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही तिच्यासोबत बसून सगळे पुन्हा आठवले. तिने शेवटचे स्पष्ट उत्तर दिले होते, तेव्हा खात्यातल्या एका मैत्रिणीलाही त्याची प्रत धाडली होती, आणि उत्तराखाली साहेबाचे मूळ पत्र तसेच होते. ती मैत्रीण अजून तिथेच नोकरीला आहे. चार दिवस तिला झोप लागली नाही. मग तिने ते पत्र छापून, सही करून दिले. अपिलाची मुदत संपायला तेव्हा अकरा दिवस उरले होते. अपील दाखल झाले आहे, निकाल यायचा आहे.

म्हणजे शेवटी स्थळप्रत सापडली. ती यंत्रात नव्हती, एका बाईच्या पेटीत होती, आणि ती बाहेर काढायला दुसऱ्या बाईला आपली नोकरी पणाला लावावी लागली. असे धैर्य दाखवणाऱ्या मैत्रिणीला आमचा सलाम. पण न्याय मिळण्यासाठी दर वेळी कुणाला तरी इतके धैर्य लागत असेल, तर ती व्यवस्था बदललीच पाहिजे. मावशी म्हणाल्या तेच खरे : धाडणाऱ्याने फाडले, घेणाऱ्याने जाळले, तरी कागद राहिला पाहिजे. आणि तो कुणाच्या हाती राहणार, हे ठरवताना त्या खोलीत आता आपणही बसणार आहोत.

तुमच्या कामाच्या जागी याबाबत काय नियम आहे ते विचारा, आणि आम्हाला लिहून कळवा. पत्राची एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा.